बडग्याचा पंधराशे नववा अंक

भास्करकाकांचे दोन्ही गुडघे वाचले. डावा वाचला, उजवाही वाचला. सर्व संबंधितांचे आभार.

आता हे विसरून जा. गुडघ्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही. आज मंगळवार आहे, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत, आणि गुडघ्यांचे मालक भास्कर तांबवेकर, वय एकाहत्तर, हातात काठी घेऊन धामणखिंडच्या बाजारपेठेतून चालले आहेत.

गुडघे नवे आहेत. दोन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून बसवून आणलेले. डॉक्टरांनी सांगितलंय की आजपासून रोज चाळीस मिनिटं मोकळ्यावर, सरळ रस्त्यानं चालायचं. नाही चाललं तर सांधा आखडेल आणि मग नव्या गुडघ्यांत आणि जुन्यांत फरक एवढाच राहील, की जुने फुकट मिळाले होते.

समोरून यंत्र आलं. त्याचं कागदोपत्री नाव ‘नागरी शिस्त सहायक यंत्र क्रमांक एक’. क्रमांक दोन घ्यायचा ठराव अजून व्हायचाय. माणसाएवढी उंची, दोन पाय, करडा रंग आणि उजव्या हातात बाभळीचा बडगा. गावात त्याला कुणी कागदावरच्या नावानं हाक मारत नाही. सगळे बडगाच म्हणतात.

यंत्र थांबलं. त्यानं भास्करकाकांकडे नीट पाहिलं आणि खर्जात म्हणालं, “कर्दमशेठ. सात वर्षं शोधतोय. या वेळी विचारणार नाही. दोन्ही.”

भास्करकाका दोन कारणांनी हादरले. एक म्हणजे ते कर्दमशेठ नव्हते. दुसरं म्हणजे ‘सात वर्षं शोधतोय’ हे वाक्य तिथे नको होतं. त्यानं पुढच्या वाक्यातला जोर जातो. बडगा हवेत असताना त्यांच्या मनात हे आलं, असं त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

वाचवलं सुदामनं. त्याचं सलून तिथेच आहे. त्यानं काकांना दंडाला धरून आत ओढलं, खुर्चीत बसवलं आणि कपाळापासून गळ्यापर्यंत साबणाचा फेस फासला. यंत्र दारात आलं. त्यानं फेसाकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग “क्षमस्व” म्हणालं, सुदामला मान लववून ओळख दिली आणि निघून गेलं. काका रिक्षातून तसेच फेसासकट घरी आले.

इथे मला माझी ओळख द्यायला हवी. मी विराज खैरमोडे, धामणखिंड नगरपरिषदेच्या खरेदी विभागात लिपिक. हे यंत्र ज्या निविदेतून आलं ती मी टाइप केली. यंत्रात ज्याचा स्वभाव घातलाय तो ‘बडगा’ माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एकोणतीस वर्षं काढला. आणि भास्करकाकांनी तो लिहिला. म्हणजे या प्रकरणात निर्दोष असे फक्त गुडघेच होते.

बडगा ही चित्रकथा दर गुरुवारी निघायची, सोळा पानं. गोणपाटाचा मुखवटा घातलेला एक माणूस. तो पोलिसांत जात नाही, कोर्टात जात नाही. तेलात भेसळ करणारा, वाळू चोरणारा, कुणाची जमीन लाटणारा असा कुणीही सापडला की एकच प्रश्न विचारतो, “डावा की उजवा?” उत्तर मिळालं की तो गुडघा फोडतो. उत्तर नाही मिळालं तर स्वतः निवडतो. यात काहीही संस्कारक्षम नव्हतं. गावातल्या प्रत्येक आईबापानं मुलांना तो वाचायला बंदी केली होती, आणि ती बंदी मुलं झोपल्यावर अंक वाचता यावा म्हणून होती.

आता असा माणूस नगरपरिषदेच्या नोकरीत कसा आला, ते सांगतो.

यंत्राला नियम शिकवता येतात. पण नियम संपतात आणि रस्ता संपत नाही. ‘गाडी लावू नये’ या पाटीखाली स्कूटर उभी आहे; दंड करा. स्कूटरवर म्हातारा चक्कर येऊन बसलाय. दंड नको, पाणी द्या. म्हातारा चक्कर आल्याचं सोंग करतोय, मग काय? प्रत्येक ‘मग काय’ला एक नियम लिहीत बसलं तर माणसाचं आयुष्य संपेल. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. यंत्राला नियम द्यायचे नाहीत, स्वभाव द्यायचा. कुठलाही प्रसंग आला की यंत्रानं फक्त एवढंच ठरवायचं, की अमुक माणूस इथे असता तर त्यानं काय केलं असतं?

त्यासाठी हजारो प्रसंगांत एकसारखा वागलेला माणूस लागतो. जिवंत माणसं याबाबतीत निकामी निघाली; जेवणाआधी आणि जेवणानंतर त्यांचा स्वभाव वेगळा असतो. कादंबरीतली माणसं विचार फार करतात आणि उठत नाहीत. चित्रकथा मात्र नेमकी बसली. एका चौकटीत प्रसंग असतो, पुढच्या चौकटीत कृती. पंधराशे आठ अंक, म्हणजे जवळजवळ दीड लाख जोड्या. पहिली चौकट दाखवायची आणि यंत्राला दुसरी ओळखायला लावायची. चुकलं की दुरुस्त करायचं. असं इतक्या वेळा केलं की यंत्र तो माणूस आतून-बाहेरून ओळखायला लागतं. मग चौकटीच्या जागी खराखुरा रस्ता दाखवायचा. यंत्र पुढची चौकट ‘काढतं’, पण शाईनं नाही, हातपाय हलवून.

आमच्याकडे आधी चाचणीपुरतं एक सौम्य स्वभावाचं यंत्र आलं होतं. ते कुठल्याही नगरसेवकाचा फोन आला की दंडाची पावती परत घ्यायचं आणि वर दिलगिरी व्यक्त करायचं. म्हणून नव्या निविदेत अट क्रमांक चौदा घातली गेली: स्वभाव स्थानिक असावा व फोनला बधणारा नसावा. दोन्हींत बसणारं पात्र एकच होतं. अंक दोनशे सहामध्ये मंत्र्याचा फोन येतो, तेव्हा बडगा तो फोन मंत्र्याच्या माणसाला खायला लावतो. सुरक्षेसाठी कंपनीनं एक वेसणही घातली, की दोष सिद्ध झालेल्या माणसावरच हात उचलायचा. कोर्टाची यादी यंत्रात भरली. पण स्वभावाबरोबर बडग्याची स्वतःची यादीही आत गेलीय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या यादीची गोष्ट अशी. अण्णांना मनानं चेहरा काढता येत नाही. हात येतो, घोडा येतो, पुराच्या पाण्यात वाहणारी म्हैस येते. चेहऱ्याला मात्र समोर कुणीतरी लागतं. त्यामुळे एकोणतीस वर्षं बडग्यातले सगळे खलनायक आमच्याच गावचे होते. पतपेढीचे खजिनदार होते, आमचे गणिताचे सर होते, सुदाम अंक तीनशे बाराचा तेलभेसळवाला होता. कुणाला राग येत नसे. उलट घरी फोटो यायचे, की पुढच्या वेळी आमचा विचार व्हावा. आणि या सगळ्यांची शिक्षा अंकातच भोगून झाली असल्यानं यंत्राच्या लेखी ते सुधारलेले नागरिक होते. सुदामला ते मान लववतं ते म्हणून.

शिक्षा बाकी होती ती एकट्या कर्दमशेठची.

सात वर्षांपूर्वी चौदाशे पंच्याण्णवाव्या अंकासाठी भास्करकाका एक कथा घेऊन आले. त्यात बडगा आपला बडगा नदीत सोडतो आणि निघून जातो. काकांचं म्हणणं होतं, की आता संपवू या. सुमनकाकू तेव्हा आजारी होत्या आणि काकांना दर गुरुवारची घाई झेपत नव्हती. अण्णा म्हणाले, शेवट मी काढणार नाही. काकांनी कारण विचारलं. अण्णांनी कारण सोडून बाकी सगळं सांगितलं. आवाज चढले. काका उठून समोरच्या आपल्या घरी गेले. दोन घरांत बोळ आहे, तीस पावलांचा. तो त्यांनी सात वर्षांत पुन्हा ओलांडला नाही. सुमनकाकू गेल्या तेव्हा आईनं सगळं पाहिलं. अण्णा बोळाच्या तोंडाशी उभे राहून परत आले.

मग अण्णांनी एकट्यानं चौदा अंक काढले. त्यांत नवा खलनायक होता, कर्दमशेठ. डाव्या गालावर तीळ, मधोमध भांग, तपकिरी स्वेटर आणि त्याचं तिसरं बटण तुटलेलं. हे सगळं समोरच्या घरातल्या माणसाशी कसं जुळतं, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, शेठ लोक स्वेटर घालतातच. पंधराशे आठव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत बडगा रस्त्यानं चाललाय आणि वर लिहिलंय: कर्दमशेठ भेटेल त्या दिवशी दोन्ही. त्यानंतर वाचकच उरले नाहीत, कारण अण्णांना संवाद येत नाहीत. अंक बंद पडला.

मी कंपनीला फोन लावला. रेवती कुलथे नावाच्या अभियंता बोलल्या. सगळं ऐकून त्यांना फार आनंद झाला. त्यांचं एक कोडं सुटलं होतं. म्हणाल्या, “पात्राचा काळ शेवटच्या चौकटीपाशी थांबलेला असतो. तुमचा बडगा तिथे रस्त्यानं चाललेला होता. आम्हाला वाटत होतं तो गस्त घालतोय. तो शोधत होता.”

बंद करा म्हटलं, तर ते सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय होत नाही; नुसत्या फोनला बधायचं नाही, हीच तर अट चौदा. सभा चाळीस दिवसांनी. त्यांनी उपाय सांगितला तो असा: नवा अंक काढा. यंत्र मूळ हातानं काढलेला नवा अंक खरा मानतं, पण पारखून. त्यानं मनात धरलेली पुढची चौकट आणि तुमची चौकट फार लांब पडली, तर ते अंक बनावट समजून फेकून देतं. शंभरातले नव्वद गुण पडले पाहिजेत.

इकडे काकांचं चालणं बंद झालं होतं. व्यायाम शिकवणारी बाई येऊन गुडघा किती वाकतो ते मोजायची. पहिल्या दिवशी एकशे दहा अंश. चार दिवसांनी अठ्ठ्याण्णव. ती म्हणाली, नव्वदच्या खाली गेलं तर पुन्हा साताऱ्याला, पुन्हा टेबलावर, आणि या वयात दुसऱ्यांदा भूल देणं तिला तरी बरं वाटत नाही.

अण्णांना मी हे सांगितलं. त्यांनी पाट घेतला. अण्णा जमिनीवर बसून, उजवा गुडघा उभा करून, त्यावर पाट टेकवून चित्र काढतात. पहिल्या नव्या अंकात बडग्यानं कर्दमशेठला माफ केलं. अकरा गुण. दुसऱ्यात बडग्याची स्मृती गेली. बावीस. तिसऱ्यात कर्दमशेठ परदेशी गेला. चौतीस, यंत्रानं अंक फेकला, पण खबरदारी म्हणून दिवसभर एसटी स्टँडवर उभं राहिलं. चौथ्यात बडगाच मेला. तीन गुण. त्यानंतर यंत्र दोन दिवस प्रत्येकाला थांबवून विचारत होतं, की कुणी मारलं.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “मला हात येतात, म्हैस येते. गोष्ट त्याला येते.”

मी बोळ ओलांडून गेलो. काका जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. त्रेसष्टावी फेरी चालू होती. कायम एकाच बाजूला वळल्यानं डावा पाय आतल्या अंगानं पडायला लागला होता. मी निरोप सांगितला. काकांनी दोन फेऱ्या विचार केला. येईन म्हणाले, पण त्या माणसाशी बोलणार नाही.

सुदामला बोलावलं. त्यानं काकांच्या तोंडाला फेस लावला आणि आम्ही तिघं बोळातून निघालो. बोळाच्या टोकाला यंत्र उभं होतं. त्यानं सुदामला मान लववली. तीस पावलांना काकांना चार मिनिटं लागली. आईनं दारातच टॉवेल दिला आणि म्हणाली, चहात साखर अजून दीडच ना? काका म्हणाले, एक. सात वर्षांत एवढाच बदल नोंदवण्यासारखा होता.

पुढचा तासभर दोघं माझ्यामार्फत बोलले. ‘खैरमोड्यांना विचार’ आणि ‘तांबवेकर साहेबांना सांग’. दोघांमध्ये चार फूट अंतर होतं. मी सरकारी नोकरीत असल्यानं मला अशा पत्रव्यवहाराची सवय आहे.

काकांनी चारही फसलेले अंक वाचले. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते गुडघ्यांबद्दल नव्हतं. मग कोरा कागद ओढला. काका पूर्वी तारखात्यात होते, त्यामुळे शब्द काटकसरीनं टाकतात. ते बोलत गेले आणि अण्णा न विचारता काढत गेले. बाजारपेठ. बडगा कर्दमशेठला गाठतो. हातातला बडगा वर जातो. कर्दमशेठ पळत नाही. विचारतो, माझा गुन्हा काय? बडगा थांबतो. चौदा अंक मागे आठवतो. भेसळ नाही, चोरी नाही, जमीन नाही. चौदा अंकांत कर्दमशेठनं काहीच केलेलं नाही. तो फक्त दिसतो.

मी ते अंक पुन्हा चाळले. खरंच होतं. अण्णांना गोष्ट येत नसल्यानं कर्दमशेठला गुन्हा द्यायचाच राहून गेला होता. तो चौदा अंक नुसता स्वेटर घालून दुष्ट नजरेनं बघत होता.

पुढे काका जरा अडखळले. बडग्याच्या कायद्यात सगळ्यात मोठा अपराध कुठला, हे त्यांनीच पहिल्या वर्षी ठरवून ठेवलं होतं: निर्दोष माणसावर आळ घेणं. मग बडगा कर्दमशेठला विचारतो, तुझ्यावर आळ कुणी घेतला? आणि ज्यानं घेतला त्याच्या दारात जातो.

तिथे काका मला म्हणाले, की खैरमोड्यांना सांग, चेहरा कुणाचाही चालेल. एखादा खोटे कागद करणारा घालू. त्याचं पुढे बघता येईल.

अण्णा उठले. सुदामच्या पेटीतून दाढीचा आरसा काढला, भिंतीला टेकवून समोर ठेवला आणि बसले. पाट गुडघ्यावर घेतला. आरशात बघितलं आणि भुवईपासून सुरुवात केली.

काकांनी भुवई ओळखली.

“पल्या,” ते अण्णांना म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा. “पल्या, ते यंत्र हे वाचणार आहे.”

“म्हणून तर काढतोय.”

“दुसरा कुणीतरी काढ.”

“आळ मी घेतला. खोटा चेहरा काढला तर त्याला कळेल. पुन्हा तीन गुण पडतील.” अण्णांनी कानाची रेघ पूर्ण केली. “आणि माझे गुडघे जुनेच आहेत.”

सुदामनं आरसा जरा उजेडाकडे फिरवून दिला.

शेवटच्या चौकटीत अण्णांनी बडगा गुडघ्यावर पडताना काढला. शाई वाळायच्या आत काकांनी ते पान ओढून घेतलं. म्हणाले, शेवटची चौकट कायम मी ठरवली आहे, पहिल्या अंकापासून. तिच्यावर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि पान परत दिलं. “बडगा उगारलेला काढ. पडायला नको. पडतो कधी?”

“पुढच्या अंकात,” अण्णा म्हणाले.

हे खरं होतं. दर गुरुवारच्या अंकाचा शेवट उगारलेल्या बडग्यावर व्हायचा आणि तो पडायचा पुढच्या गुरुवारी. लहानपणी त्या सात दिवसांचा मला फार राग यायचा. काकांनी पट्टीखाली तीन शब्द लिहिले: ‘बाकी पुढच्या गुरुवारी’.

कंपनीच्या चाचणीत सत्त्याण्णव गुण पडले.

रेवती कुलथेंना मी विचारलं, की हा उगारलेला बडगा खरोखर थांबेल का? त्या म्हणाल्या, की दोन अंकांमधल्या सात दिवसांत बडगा काय करतो, हे कुठल्याच चौकटीत नाही. यंत्राला ते कुणी शिकवलेलंच नाही. “चालत होता तेव्हा चालत राहिला. तसा उगारलेला असेल तर उगारलेलाच राहील. नाहीतर पुढची चौकट स्वतःच काढेल. मला इथे लागून दोनच वर्षं झालीत हो.”

गुरुवारी सकाळी नऊ वाजता यंत्रानं अंक वाचला. नऊ वाजून सहा मिनिटांनी ते आमच्या फाटकातून आत आलं.

भास्करकाका ओसरीवर उभे होते, तोंडाला फेस न लावता. मी नको म्हटलं होतं. म्हणाले, मी लिहिलंय, मी समोर असणार. यंत्र त्यांच्यापाशी थांबलं. तीळ बघितला, भांग बघितला, स्वेटर बघितला. “माफी असावी,” म्हणालं आणि पुढे गेलं.

अण्णा अंगणात पाट घेऊन बसले होते. यंत्र समोर उभं राहिलं.

“डावा की उजवा?”

“डावा,” अण्णा म्हणाले. “उजव्यावर पाट टेकतो.”

बडगा वर गेला. आईनं तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही, पण त्यात शौर्य नव्हतं. मान हलत नव्हती. बाभळीचं लाकूड उन्हात चांगलं पॉलिश केलेलं दिसत होतं. निविदेत मीच लिहिलं होतं, ‘साधन टिकाऊ असावे’.

बडगा वरच राहिला.

कुणी हललं नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. काका ओसरीवरून उतरले, काठी टेकत यंत्रापाशी गेले आणि काठीच्या टोकानं त्याच्या कोपरावर ठक-ठक केलं. दार वाजवावं तसं. काही नाही. यंत्र पुतळ्यासारखं उभं होतं, अण्णांच्या डाव्या गुडघ्याकडे बघत, अत्यंत रागात आणि पूर्णपणे स्तब्ध.

“आता गुरुवारपर्यंत,” काका म्हणाले. मग मला वेळ विचारली. मी नऊ सोळा म्हटलं. “चाळीस मिनिटं. पल्या, ऊठ. चप्पल घाल.”

अण्णा उगारलेल्या बडग्याखालून बसल्या-बसल्या सरकत बाहेर आले. उठून उभे राहताना त्यांना काकांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, त्यामुळे काकांना काठीचा घ्यावा लागला. आई हसायला लागली आणि मग बराच वेळ ते थांबेना. दोघं फाटकातून बाहेर पडले. बाजारपेठेकडे जाताना अण्णांचा आवाज ऐकू येत होता, की सात वर्षं शोधतोय हे वाक्य काय वाईट होतं, आणि काका त्यांना ते पहिल्यापासून समजावून सांगत होते.

याला आता त्रेचाळीस गुरुवार झाले. मधे सभा झाली आणि यंत्र बंद करायचा ठराव पुढच्या सभेवर गेला.

दर गुरुवारी नवा अंक लागतो, नाहीतर जुना अंक संपलेला धरला जाईल, ही जोखीम कुणी घेत नाही. म्हणून काका रोज सकाळी येतात. गुरुवारी सकाळी नऊला यंत्र हात खाली घेतं, नव्या अंकाप्रमाणे सोळा पानं वागतं आणि साडेनऊपर्यंत पुन्हा उगारून उभं राहतं. एका अंकात मध्येच म्हैस आडवी गेली. एकात बडग्याला शिंक आली. डावा म्हणजे बडग्याच्या बाजूनं डावा की अण्णांच्या, यावर सुनावणी नऊ अंक चालली आणि निकाल राखून ठेवण्यात आला. वाचक परत आले आहेत. खलनायकासाठी फोटो येत आहेत. काकांचा गुडघा एकशे एकवीस अंश वाकतो.

यंत्राच्या उगारलेल्या हातावर आईनं घोसाळ्याचा वेल चढवलाय. बुधवारी संध्याकाळी ती तो उतरवते. बाजारपेठेत लोक पुन्हा पाटीखाली गाड्या लावू लागले आहेत, आणि नगरपरिषद आम्हाला दर पंधरवड्याला नोटीस पाठवते, की आमची मालमत्ता परत करा. ती नोटीस मी टाइप करतो, घरी आणतो, स्वीकारतो आणि उत्तर लिहितो. यात काही अडचण नाही.

अडचण दुसरी आहे. गेल्या महिन्यात अण्णांच्या हाताला कंप सुटला; एका चौकटीत बडगा जरा वाकडा आला. परवा काकांना ‘चौकट’ हा शब्द आठवेना, दहा मिनिटं ते हातानं चौकोन दाखवत राहिले. अण्णांनी चौकट आखून दिली. मी शेजारी होतो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मग मी कार्यालयात जाऊन, योग्य त्या विभागाला, योग्य त्या नमुन्यात अर्ज केला.

प्रति,
मा. निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग,
धामणखिंड नगरपरिषद.

विषय : मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, श्री. प्रल्हाद खैरमोडे (वय ७२, चित्र) व श्री. भास्कर तांबवेकर (वय ७१, मजकूर) हे दर गुरुवारी एक अंक पूर्ण करतात. सदर काम अपुरे असून ते अपुरे राहणे सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. दोघांपैकी एकही अनुपलब्ध झाल्यास दुसऱ्यास काम चालविता येत नाही, हे यापूर्वी चौदा अंकांत सिद्ध झाले आहे. पर्यायी कर्मचारी उपलब्ध नाहीत.

सबब, उक्त दोन्ही नावांपुढे आपल्या नोंदवहीत पुढील गुरुवारपर्यंत कोणतीही नोंद घेण्यात येऊ नये. आणि तो गुरुवार आल्यावर ‘पुढील गुरुवार’ याचा अर्थ त्याच्या पुढील गुरुवार असा घेण्यात यावा, ही नम्र विनंती.